सांगाडा हलायच्या आत

चि. वकीलबाईंस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज जरा घाबरलेला वाटला. चार जागांचं विमान, वैमानिकासकट चौघेही गेले, आणि त्यांच्या घरची माणसं पुढच्या आठवड्यात तुझ्याकडे येणार. ‘सर, दावा कुणाकुणावर लावायचा?’ असं तू विचारलंस आणि मी विषय टाळला. रागावू नकोस. त्या प्रश्नाला अजून पुष्कळ वेळ आहे. आत्ता एवढंच शोधून काढ की विमानाचा सांगाडा कुठे पडलाय आणि कुणाच्या ताब्यात आहे.

मोठं विमान पडलं की सगळं जग धावतं. ब्लॅक बॉक्ससाठी समुद्र ढवळून काढतात. लहान विमानात बहुतेक वेळा ब्लॅक बॉक्स नसतोच. एखाददुसरा तपास अधिकारी येतो, फोटो काढतो, मोजमापं घेतो, आणि त्याचं काम आटोपलं की अवशेष मालकाच्या हवाली. मालक म्हणजे बऱ्याचदा विमा कंपनी, कारण विमानाचे पैसे तिने चुकते केलेले असतात. तिथून भंगारवाला फार लांब नसतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. वकिलीच्या तिसऱ्या वर्षी माझ्याकडे असंच एक प्रकरण आलं. घरच्यांना जरा सावरू दे, मग पत्रव्यवहार करू, म्हणून मी पाच आठवडे थांबलो. मोठा समजूतदारपणा केला असं तेव्हा वाटलं होतं. पत्र गेलं तेव्हा इंजिन विकून झालं होतं. गोदामात गेलो तर कोपऱ्यात पंख्याचं एकच पातं उरलेलं, तेही कुणीतरी दार उघडं राहावं म्हणून टेकवून ठेवलेलं. विकणाऱ्याला दोष काय द्यायचा? त्याला कुणी थांबवलंच नव्हतं.

त्या पात्याचं एवढं काय, असं तुला वाटेल. पाती पिळवटलेली असतील आणि त्यांच्यावर आडवे ओरखडे असतील, तर आपटताना इंजिन जोरात फिरत होतं. एक पातं नुसतं मागे वाकलेलं आणि दुसरं जवळपास सरळ असेल, तर बहुधा फिरत नव्हतं. जुन्या विमानात धोक्याचे लहान लहान दिवे असतात. त्यांतला बल्ब फुटला नसेल तर आतली तार भिंगाखाली बघतात. दिवा लागलेला असताना आपटला तर तापलेली तार ताणून लांब होते, विझलेला असेल तर होत नाही. म्हणजे तेलाचा दाब कमी झाल्याचा इशारा वैमानिकाला मिळाला होता की नाही, हे केसाएवढ्या तारेवरून कळू शकतं. असा बल्ब भंगारात गेला की पुढे दहा तज्ज्ञ उभे करूनही उपयोग नाही.

काही पुरावा तर कुणी हात न लावताच नाहीसा होतो. इंजिनासाठी इंधन आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरून इंजिन बंद पडतं. बाहेर 20 अंश तापमान असलं तरी दमट हवेत हे घडतं. माणसं पोचेपर्यंत बर्फ वितळलेलं असतं. अशा वेळी त्या तासाचं तापमान आणि दवबिंदू यांची हवामान खात्याकडची नोंद हाच काय तो साक्षीदार. एटीसीशी, म्हणजे जमिनीवरच्या हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाशी, झालेलं बोलणंही कायम राहत नाही. अमेरिकेत साधारण 45 दिवसांनी त्या ध्वनिमुद्रणावर दुसरं चढतं. गंमत बघ, त्याच देशात विमान कंपन्यांच्या अपघातांत वकिलांनी आपणहून मृतांच्या घरच्यांशी संपर्क साधायला बंदी आहे, तीही 45 दिवसांचीच! लहान खासगी विमानाला हा नियम लागू असो नसो, तू तो पाळ. बोलावल्याशिवाय कुणाच्या दारात जाऊ नकोस. पण बोलावलं, की त्याच दिवशी ‘सांगाडा आणि नोंदी आहेत तशा जपून ठेवा’ अशी पत्रं टाक.

घरच्यांकडूनही वस्तू येतील. माझ्याकडे एक वडील मुलाचा टॅब्लेट घेऊन आले होते. काच तडकलेली, पण रोज रात्री नियमाने चार्ज करत होते. ‘बंद पडू द्यायचा नाही’ म्हणाले. त्यात नकाशाचं अ‍ॅप होतं आणि शेवटच्या उड्डाणाची वाट, उंची, वेग सगळं त्यात असण्याची शक्यता होती. दर वेळी चालू केल्यावर जुनं काही पुसलं जाईल, ही धास्ती मला. त्यांच्या हातून तो काढून घेताना काय बोललो ते आठवत नाही, पण पावती मात्र नीट लिहून दिली. तूही दे. वस्तू, तारीख, कुणी दिली, कुणी घेतली. फोन, जीपीएस, इंजिनाची नोंद ठेवणारं यंत्र, काहीही असो, चालू करून बघायचा मोह आवर.

आता अहवालाबद्दल. आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीच्या शिकागो कराराचं 13वं परिशिष्ट स्पष्ट म्हणतं की तपासाचा हेतू पुढचे अपघात टाळणं हा आहे, दोष ठरवणं नाही. अमेरिकेत तर तपास मंडळाने काढलेलं संभाव्य कारण नुकसानभरपाईच्या दाव्यात पुरावा म्हणून वापरताच येत नाही. शिवाय तिथल्या तपासात विमान बनवणाऱ्यांचे अभियंते बसू शकतात, मृतांच्या घरच्यांचा वकील नाही. तेव्हा अहवालात ‘वैमानिकाची चूक’ असं दिसलं म्हणून हातपाय गाळू नकोस, आणि ‘यंत्रात बिघाड’ दिसलं म्हणून पेढे वाटू नकोस. 1976 साली स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात एक दोन इंजिनांचं लहान विमान पडलं, सहाजण गेले. पहिल्या अहवालाने यांत्रिक बिघाडाकडे बोट दाखवलं. नंतर फेरतपास मंडळाला सदोष यंत्राचा पुरावा सापडला नाही, उलट वैमानिकाची चूक असू शकेल असं त्यांनी म्हटलं. त्याला व्यावसायिक परवाना मिळून तीनच महिने झाले होते. विमान अमेरिकेत बनलेलं म्हणून दावा तिथे लावला, आणि 1981 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे प्रकरण स्कॉटलंडमध्येच चालायला हवं. ‘पायपर विरुद्ध रेनो’ म्हणून तू परीक्षेला पाठ केलं असशील. अपघाताला पाच वर्षं होऊन गेली तेव्हा कुठे दावा कुठे चालायचा एवढंच ठरलं.

मुदतीचं थोडक्यात सांगतो, कारण तारखांचं काम तू माझ्यापेक्षा बरं करतेस. आंतरराष्ट्रीय प्रवास असेल आणि 1999चा माँट्रियल करार लागू होत असेल, तर दोन वर्षांत दावा दाखल झाला नाही तर हक्कच संपतो. अहवाल यायचा राहिलाय, ही सबब चालत नाही. अमेरिकेत 1994च्या कायद्याने लहान विमानाच्या उत्पादकावर 18 वर्षांनंतर सहसा दावा लावता येत नाही. मात्र एखादा भाग नवा बसवला असेल तर त्या भागापुरती 18 वर्षं नव्याने मोजतात. तो भाग कधी बसवला हे देखभालीचं लॉगबुक सांगतं. सांगाड्याच्या पत्रात लॉगबुकाचं नाव घालायला म्हणूनच विसरू नकोस. विमान 40 वर्षांचं असलं तरी त्यातला पंप मागच्या वर्षीचा असू शकतो.

विम्याची पॉलिसी मागव आणि स्वतः वाच. एकूण मर्यादा दहा लाख डॉलर असं बऱ्याचदा ठळक लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात दर प्रवाशाला एक लाख. दुसरं म्हणजे ते उड्डाण नक्की कसलं होतं ते बघ. मित्राने मित्राला नेलं की पैसे घेऊन? फुटबॉलपटू एमिलियानो साला जानेवारी 2019 मध्ये इंग्लिश खाडीवर विमान पडून गेला, त्या विमानाच्या वैमानिकाकडे प्रवाशांकडून पैसे घेऊन उडवायचा परवाना नव्हता. उड्डाण जमवून देणाऱ्याला पुढे 18 महिन्यांची शिक्षा झाली. परवान्याबाहेरचं उड्डाण निघालं की विमा कंपनी हात वर करू शकते. त्या प्रकरणात सरकारी शोध थांबला, लोकांनी पैसे जमवून खासगी शोध घेतला तेव्हा विमान सापडलं, पण वर मात्र आलंच नाही. विषारी वायूचा सुगावा लागला तो सालाच्या रक्तातून. सांगाडा हाती नसेल तर शवविच्छेदनाच्या कागदांत काय काय दडलेलं असतं ते यावरून बघ.

आता ज्याचा तू फोनवर उल्लेखही केला नाहीस ते. येणाऱ्यांत वैमानिकाची बायको आहे ना? चौघं एकमेकांचे जुने मित्र होते म्हणालीस, म्हणजे बायकाही एकमेकींना धरून येणार, एकाच बाकावर बसणार, आणि ‘आमच्या सगळ्यांचं तुम्हीच बघा’ म्हणणार. सगळ्यांचं वकीलपत्र घेऊ नकोस. प्रवाशांचा दावा लागला की पहिलं बोट वैमानिकाच्या वारसांकडे जाईल. आज एकमेकींचा हात धरलेल्या बायका उद्या समोरासमोरच्या बाजूंना असतील, आणि दोघींचं गुपित तुझ्या पोटात. पहिल्याच बैठकीत, चहा यायच्या आधी, तिला बाजूला घेऊन सांग की तिला वेगळा वकील लागेल, आणि दोन-तीन नावं दे. माझ्याकडे आलेल्या अशाच एका बाईने उठता उठता विचारलं होतं, ‘ह्यांनी मारलं का हो त्यांना?’ मी ‘नाही’ म्हणून गेलो. मला काहीच ठाऊक नव्हतं तेव्हा. पुढे कळलं ते वेगळं होतं, आणि तिने मला ते कधी ऐकवलं नाही, याचंच जास्त वाईट वाटतं.

विमा कंपनीचा माणूस अंत्यसंस्काराच्या खर्चाचा चेक घेऊन आला असेल तर चेक वाईट नाही, सोबतचा कागद वाचायचा. ‘पूर्ण व अंतिम’ असले शब्द असतील तर सही करू नका, एवढं घरच्यांना आजच फोन करून कळव.

सोबत पत्राचा मसुदा जोडतोय. विमा कंपनी, विमानाचा मालक, देखभाल करणारा कारखाना, एटीसी आणि गोदाम, पाचही ठिकाणी जायला हवं. नमुन्यादाखल ठेवलेलं इंधन, लॉगबुकं आणि ‘आम्हाला कळवल्याशिवाय कुठलाही भाग उघडू किंवा तपासू नये’ ही ओळ घातली आहे, ती काढू नकोस. गोदामाचा पत्ता रिकामा सोडलाय. तो तपास अधिकाऱ्याला विचारून भर आणि त्यांच्या ऑफिसात वकीलपत्राची प्रत मागतील तीही जवळ ठेव. पोच मिळाली की मला फोन कर, रात्र झाली असली तरी चालेल.

तुझे,
सर