मास्टर गार्डनर होऊ पाहणाऱ्या मुलीस

प्रिय,

न्यू जर्सीत मास्टर गार्डनरच्या, म्हणजे विद्यापीठाकडून शिकून लोकांना बागेबद्दल सल्ला देणाऱ्या स्वयंसेवकाच्या, प्रशिक्षणाला अर्ज करतेयस हे वाचून बरं वाटलं. "मला झाडांतलं फारसं कळत नाही, घेतील का?" असं विचारलंयस. अगं, ते शिकवण्यासाठीच तर वर्ग असतो. फावल्या वेळात लोकांचं शांतपणे ऐकून घेणारी माणसं त्यांना हवी असतात.

ही योजना निघालीच मुळी फोनच्या कटकटीतून. सिएटल-टकोमा भागात घरच्या बागांबद्दल इतके प्रश्न यायला लागले की विद्यापीठाच्या विस्तार खात्यातली, म्हणजे तिथलं ज्ञान लोकांपर्यंत पोचवणारी, माणसं मेटाकुटीला आली. मग 1973 मध्ये तिथे स्वयंसेवकांची पहिली तुकडी तयार केली: आम्ही शिकवतो, तुम्ही सेवेच्या तासांनी फेडा. आजही सौदा तोच आहे.

माती, कीड, छाटणी, लॉन हे वर्गात होईलच. खरी परीक्षा हेल्पलाइनवर, जिथे लोक फोन करून किंवा समोर येऊन प्रश्न विचारतात. कुणी झिपलॉकच्या पिशवीत एक पान घेऊन येईल आणि म्हणेल, "काय फवारू?" लगेच औषध सांगू नकोस. कधी लावलं, ऊन किती, पाणी कसं घालता, शेजारच्या झाडालाही हेच झालंय का, ते विचार. टोमॅटोचं बूड काळं पडलं की लोक अंड्याची टरफलं पुरतात. बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतंच, पाणी एक दिवस धो-धो आणि चार दिवस नाही, हे कारण असतं. पानं वेडीवाकडी वळली असतील तर शेणखत कुठून आणलं ते विचारायला विसरू नकोस. गवतावर मारलेलं काही तणनाशक जनावराच्या पोटातून शेणात जसंच्या तसं उतरतं. शेणखत म्हटलं की आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो, म्हणून हे मुद्दाम सांगते.

आपल्या लोकांचे प्रश्न मात्र तुझ्याकडेच येणार. "दुधीला फुलं भरपूर, पण दुधी धरत नाही." आधी नुसती नरफुलं येतात, लांब देठाची, मादीफुलाच्या खाली इवलासा दुधी दिसतो. आणि दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. सकाळी फुलणाऱ्या झुकिनीची (इथली काकडीसारखी दिसणारी भाजी) सवय असलेला इथला माणूस सकाळी परागीभवन करायला सांगेल, तू दिवेलागणीला सांग. नरफूल तोडून मादीफुलावर हलकेच फिरवायचं, एवढंच.

दुसरा ठरलेला प्रश्न: फ्लोरिडातल्या मावशीकडून कढीपत्त्याचं रोप मागवू का? नाही. लिंबूवर्गीय झाडांना ग्रीनिंग हा रोग देणारी सिलिड नावाची बारीक कीड कढीपत्त्यावर पोसली जाते. फ्लोरिडात हा रोग 2005 मध्ये सापडला. अशा क्वारंटाइन भागातून रोप परवानगीशिवाय हलवता येत नाही. मावशी रागावेल, रागावू दे.

आजीचे उपाय तुझ्या बागेत खुशाल कर, हेल्पलाइनवर नको. तिथे तू विद्यापीठाच्या नावाने बोलतेस, म्हणून संशोधनाचा आधार असेल तेवढंच सांगायचं, आणि औषधाच्या लेबलवर लिहिलंय त्याबाहेर जायचं नाही. तो कायदा आहे. येत नसेल तर "बघून कळवते" म्हण आणि खरंच कळव. आपल्याकडे हे दुसरं बरेचदा राहून जातं.

सेवेचे तास लगेच नोंदवत जा. वर्षअखेरीस आठवून लिहिणाऱ्यांची त्रेधा मी दरवर्षी बघते. फार्मर्स मार्केटातल्या टेबलावर नाव दे, पण टोपी आणि पाण्याची बाटली घरूनच ने.

तुझी,
काकू