जळालेली मोटर जमा करून वर 11,000 द्यायचे का?

दारव्हा तालुक्यातल्या एका शेतकरी भाऊंचा प्रश्न आहे. जूनमध्ये त्यांनी विहिरीसाठी 24,000 रुपयांची पाच एचपीची मोटर घेतली, वॉरंटी एक वर्षाची. नोव्हेंबरात ती जळाली. दुकानदार म्हणतो, व्होल्टेजमुळे जळाली, वॉरंटीत बसत नाही. जुनी जमा करा, वर 11,000 द्या, नवी न्या. हरभरा पाण्याला आलाय, हातात पैसा नाही. घरचं सोनं गहाण ठेवू का?

भाऊ, सोनं ठेवू नका. बारा टक्क्यांनी धरलं तरी 11,000 चं व्याज महिन्याला 110 रुपये, ते काही जड नाही. पण जुनी मोटर दुकानात गेली की तुमचा पुरावाच गेला, आणि सोबत ‘तक्रार नाही’ अशी सही घेतली तर विचारायलाच नको.

व्होल्टेजचं कारण तोंडी ऐकून घेऊ नका. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून तपासणीचा कागद मागा, नकार असेल तर तोही लेखी. दुसरं, तुम्ही लिहिलंय की विहिरीची खोली आणि पाइपाचं अंतर सांगितलं आणि मोटर दुकानदाराने निवडून दिली. हे फार कामाचं आहे. वस्तू विक्री कायदा, 1930 च्या कलम 16 प्रमाणे गरज सांगून, विक्रेत्याच्या भरवशावर घेतलेला माल त्या कामाला चालायलाच हवा, वॉरंटी कार्डावर तसं छापलेलं नसलं तरी. कंपनीचं नाव घेऊन ‘तीच द्या’ म्हटलं असतं, तर हा मुद्दा लंगडा पडला असता.

आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. नाही जमलं तर यवतमाळचा जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी परराज्यातली असली तरी तुम्ही राहता तिथे तक्रार चालते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षं. पोटापाण्यासाठी शेती करणारा ग्राहकच धरला जातो. पक्कं बिल नसेल तर फोनपेची नोंद जपून ठेवा.

मात्र निकाल या हंगामात लागेल असं धरू नका. ते पैसे हिशेबात घेऊच नका. आत्ताचं एक पाणी शेजाऱ्याच्या विहिरीवरून तासाच्या भावाने घ्या. लेखी नकार हातात आला, की नंबरप्लेटचे आणि जळालेल्या वाइंडिंगचे (आतल्या तारेच्या गुंडाळीचे) फोटो काढून मोटर गावातच भरून, म्हणजे नवी तार गुंडाळून घ्या. त्याला तुम्हीच 5,500 खर्च सांगितलात. त्याची पावती घ्या, दाव्यात तो खर्चही मागता येतो.

मोटर खोलण्याआधी स्टार्टरचाही फोटो काढा. त्यात ओव्हरलोड रिले (करंट वाढला की मोटर बंद करणारा भाग) नसेल किंवा तार टाकून तो बायपास केलेला असेल (आपल्याकडे सर्रास करतात), तर दुकानदाराच्या म्हणण्यात दम आहे. मग आयोगाच्या चकरा मारू नका, 5,500 देऊन मोटर भरून घ्या आणि हरभऱ्याकडे लागा.