डोमेन नावं घेऊन ठेवली तर पुढे खरंच पैसे होतात का?

तुमचा प्रश्न असा : बाजूला ५० हजार रुपये आहेत, मित्र म्हणतो डोमेन नावं, म्हणजे वेबसाइटचे पत्ते, घेऊन ठेव, एकेक नाव कोटींना जातं. तर घ्यावीत का?

मी सांगलीत दुकानदारांना वेबसाइट करून देतो आणि २०१७ पासून हा जोडधंदाही करून पाहिलाय. आधी हिशेबच मांडतो, म्हणजे माझं किती मनावर घ्यायचं ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. आठ वर्षांत नोंदणी आणि रिन्यूअल (नाव आपल्याकडे ठेवायला दरवर्षी भरायचे पैसे) मिळून १ लाख ८४ हजार गेले. विकली गेली सहा नावं. कमिशन जाऊन हातात आले २ लाख १८ हजार. सुटले ३४ हजार. रात्री जागून काढलेल्या तासांची मजुरी यात धरलेली नाही. एवढे तर पतसंस्थेनेही दिले असते, अर्थात ती बुडाली नसती तर.

तुमचा मित्र खोटं बोलत नाही. व्हॉइस डॉट कॉम २०१९ मध्ये ३ कोटी डॉलरला गेलं. चॅट डॉट कॉम २०२३ मध्ये हबस्पॉट या सॉफ्टवेअर कंपनीचे सहसंस्थापक धर्मेश शाह यांनी १ कोटी ५५ लाख डॉलरला घेतलं आणि पुढे ते चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयकडे गेलं. पण डॉट कॉमच्या नोंदणीला पैसे पडायला लागले तेच मुळी १९९५ मध्ये, त्याआधी नावं फुकट होती. इंग्रजीतले असे एकेरी, सोपे शब्द तेव्हाच आणि त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत संपले. आज आपण शोधायला बसतो तेव्हा उरलेलं चाळत असतो.

मला हे कळायला दोन वर्षं लागली, कारण मला वाटायचं नाव छान असलं की विकलं जातं. तसं नसतं. नाव तेव्हाच विकलं जातं, जेव्हा समोरच्याकडे पैसे असतात आणि तुमचं नाव सोडून हजार रुपयांत दुसरं चालण्यासारखं नाव त्याला मिळत नाही.

मराठी नावं इथेच मार खातात. माझ्याकडे 'वधूवर' असलेली दोन नावं होती. आता हा शब्द इंग्रजी अक्षरांत कसा लिहाल? सुरुवातीला व्ही की डब्ल्यू? 'धू'ला एक यू की दोन ओ? मधे आडवी रेघ? ज्याला विवाह मंडळ काढायचंय तो माझं नाव पाहतो, मी २० हजार म्हणतो, आणि तो एक अक्षर बदलून पाचव्या मिनिटाला स्वतःच नवं नाव घेऊन मोकळा होतो. 'हळद'चं तसंच. ळ इंग्रजीत लिहिताच येत नाही, त्यामुळे जो तो आपल्या मनाने लिहितो. आणखी एक : ही नावं फोनवर सांगून बघा. 'व्ही फॉर व्हिक्टर, ए, डी, एच...' इतकं सांगावं लागत असेल तर समोरच्याने ते लिहून घेईपर्यंत गिऱ्हाईक गेलेलं असतं.

मग तुम्ही म्हणाल देवनागरीतच घ्यावीत. तेही केलं. डॉट भारत २०१४ मध्ये सुरू झालं, त्यात मराठी नाव मराठीत लिहिता येतं. अभिमानाने सहा घेतली. एकाही नावाला आजवर विचारणा नाही. माझी गिऱ्हाइकं पत्ता टाइप करतच नाहीत, गुगलवर शोधतात, आणि त्या पत्त्यावरचा ईमेल निम्मे ऑनलाइन फॉर्म घेत नाहीत. मराठीवर माझं प्रेम आहे, पण त्या सहांपैकी पाच मी सोडून दिली.

आता जे विकलं गेलं त्यातलं एक सांगतो. द्राक्षपट्ट्यात राहतो म्हणून मी दोन नावं घेतली होती, एक 'बेदाणा' असलेलं आणि दुसरं त्याच अर्थाचं, पण 'रेझिन्स' हा इंग्रजी शब्द असलेलं. पूर्ण नाव आता दुसऱ्याच्या मालकीचं आहे म्हणून देत नाही. चार वर्षं दोन्ही तशीच पडून होती, दरवर्षी हजार-हजार खात. मग २०२१ मध्ये तासगावच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. माल दुबईला जायचा आणि तिकडचा गिऱ्हाईक बेदाणा नाही, रेझिन्स शोधतो. मी पंचाहत्तर सांगितले.

"शंभर की हजार?"

"हजार."

"अहो, तेवढ्यात माझी अडीच टन द्राक्षं येतात. ह्यात मला काय मिळणार? नुसती अक्षरं?"

त्यांचंही बरोबर होतं. पंचावन्नला तुटलं. पुढचा घोळ वेगळाच : पैसे आल्याशिवाय मी नाव द्यायला तयार नाही, नाव खात्यात दिसल्याशिवाय ते पैसे द्यायला तयार नाहीत. शेवटी त्यांच्या गोडाऊनमध्ये बेदाण्याच्या पेट्यांवर लॅपटॉप ठेवून बसलो. डोमेन नोंदवणाऱ्या ज्या कंपनीकडे माझं खातं तिथेच त्यांचं खातं उघडलं, निम्मे पैसे आयएमपीएसने आले, मी नाव त्यांच्या खात्यात ढकललं, उरलेले निम्मे आले. गंगेत घोडं न्हालं. परदेशी गिऱ्हाईक असेल तर असं गोडाऊन नसतं, तेव्हा एस्क्रो सेवेतून व्यवहार करा. तिसरा माणूस पैसे धरून ठेवतो, नाव पोचल्यावर सोडतो.

'बेदाणा'वालं नाव त्याच वर्षी मेलं. कोणी विचारलंही नाही.

आता कायद्याचं, कारण ५० हजारांत लोक सगळ्यात आधी हीच चूक करतात आणि मीही केली. एका मोठ्या मोबाइल कंपनीचं नाव आणि पुढे 'सर्व्हिस पुणे' असं डोमेन घेतलं. वाटलं, कोणीतरी दुरुस्तीवाला घेईल. वकिलाची नोटीस आली, मी मुकाट्याने नाव देऊन टाकलं. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्येच 'रेडिफ'च्या जागी 'रॅडिफ' घेणाऱ्याला थांबवलं होतं आणि २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डोमेनलाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळतं. कोर्टाशिवायही तक्रार करता येते, डोमेनचे वाद सोडवायच्या ठरलेल्या पद्धती आहेत : डॉट कॉमसाठी यूडीआरपी, डॉट इनसाठी आयएनडीआरपी. कंपनीला 'एवढे द्या, नाव देतो' असा मेल टाकलात तर तोच मेल तुमच्याविरुद्धचा पुरावा होतो.

जिओहॉटस्टारचं आठवत असेल. दिल्लीच्या एका तरुणाने रिलायन्सचं जिओ सिनेमा आणि हॉटस्टार एक होणार हा अंदाज आधीच बांधून ते नाव घेऊन ठेवलं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच साइटवर पत्र लावलं की केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च द्या. अंदाज अगदी अचूक होता. रिलायन्सने मागणी नाकारली, हे त्यानेच जाहीर केलं. पुढे ते नाव दुबईतल्या दोन लहान भावंडांकडे गेलं आणि त्यांनी ते कंपनीला फुकट देऊ केलं.

लाटेवरची नावं टाळा. २०२० मध्ये मी 'कोविड' जोडून सात नावं घेतली, पुढच्या वर्षी 'मेटाव्हर्स'ची चार. अकराच्या अकरा कचऱ्यात. डॉट कॉमच्या जागी लागणाऱ्या इतर स्वस्त शेपटांचंही तसंच : पहिल्या वर्षी ९९ रुपये, दुसऱ्या वर्षी अडीच-तीन हजार. घेताना रिन्यूअलचा दर बघायचा, जाहिरातीचा नाही.

आणि एक दिवस तुम्हाला मेल येईल. 'आम्ही तुमचं नाव ८ हजार डॉलरला घेतो, फक्त आधी अमुक ठिकाणाहून मूल्यांकनाचं प्रमाणपत्र आणा.' प्रमाणपत्र देणारा आणि नाव 'घेणारा' एकच असतो. मी चार हजार रुपये भरले. आनंदात आधी बायकोला सांगितलं, मग भावाला, मग शेजाऱ्यांनाही. ते जास्त महाग पडलं.

मुदतीकडे डोळा ठेवा. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ऑटो-डेबिटचे नवे नियम लागू झाले आणि माझ्या कार्डावरचं परदेशी कंपनीचं रिन्यूअल गुपचूप फेल झालं. डॉट कॉमची मुदत संपली की थोडी सवलत असते, मग ३० दिवस रिडेम्प्शन, म्हणजे जादा पैसे भरून नाव परत मिळवायची मुदत, मग ५ दिवसांत नाव सुटतं. मला रिडेम्प्शनमध्ये जाग आली. एक नाव परत मिळवायला ८० डॉलर मोजले.

५० हजार हातात असते तर मी आज दहा हजारच काढले असते आणि पाच-सहा नावं घेतली असती, सगळी डॉट कॉम किंवा डॉट इन, इंग्रजी शब्दांची, एखाद्या खऱ्या धंद्याची. प्रत्येक नाव घेण्याआधी ते घेऊ शकतील अशा दहा धंद्यांची नावं कागदावर लिहिली असती. दहा सुचली नाहीत तर नाव नाही. उरलेले ४० हजार पुढच्या चार-पाच वर्षांच्या रिन्यूअलला, कारण गिऱ्हाईक आलंच तर बहुधा तेव्हा येतं. तेवढा धीर नसेल तर सोडूनच द्या.

माझ्याकडे आता चौदा नावं उरलीत. पुढच्या आठवड्यात तिघांची मुदत संपतेय. दोन सोडणार आहे. तिसरं ते डॉट भारतचं सहावं, त्याचं अजून ठरत नाही.