मुंबईत १५ लाखांत नवी गाडी: कंपनी कोणती, इंधन कोणतं आणि डीलरच्या कोटेशनमध्ये काय बघायचं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: पार्ल्याहून लोअर परळ रोजचं येणं-जाणं, महिन्याला साधारण ८०० किमी, बजेट ऑनरोड, म्हणजे कर-विमा सगळं धरून, १५ लाख. एक मित्र मारुतीशिवाय बोलत नाही, दुसरा टाटा-महिंद्राशिवाय. पेट्रोल, सीएनजी, डिझेल की इलेक्ट्रिक ते ठरत नाही आणि डीलरचं कोटेशन कसं वाचायचं ते कळत नाही.

मित्रांचं भांडण आधी मिटवू. मारुती म्हणजे पत्रा आणि टाटा म्हणजे पोलाद हे चित्र आता जुनं झालं. नेक्सॉनला २०१८ च्या डिसेंबरात ग्लोबल एनकॅपच्या धडक-सुरक्षा चाचणीत पाच तारे मिळाले तेव्हा ती मोठी बातमी होती. २०२४ मध्ये नव्या डिझायरलाही पाच मिळाले. दुसरीकडे, २०२४ या वर्षात देशात सर्वाधिक खपलेली गाडी टाटा पंच होती. बाजार हलला आहे आणि कंपन्याही हलल्या आहेत. माझ्या मते या बजेटमध्ये कंपनी निवडण्यापेक्षा डीलर निवडणं महत्त्वाचं आहे. बलेनो आणि टोयोटाची ग्लान्झा बघा. मुळात एकच गाडी, ग्लान्झा मारुतीच टोयोटाला पुरवते. तरी दोन शोरूममधला भाव, वागणूक आणि सर्व्हिसचा अनुभव वेगवेगळा असू शकतो. कंपनीबद्दल एकच नियम पाळा: नवीन मॉडेल आलं की पहिले आठ-दहा महिने थांबा. स्क्रीन, सेन्सर, सॉफ्टवेअरचे किडे तेवढ्या काळात बाहेर पडतात, मग ते कोणाचंही असो.

डीलर निवडताना शोरूम बघू नका, वर्कशॉप बघा. मुंबईतल्या भाड्यामुळे लिंक रोडवर काचेचं शोरूम आणि वर्कशॉप तिसऱ्याच उपनगरातल्या औद्योगिक वसाहतीत, असा प्रकार सर्रास आहे. शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास तिथे अर्धा तास उभे राहा. गाडी घ्यायला आलेली माणसं बिलावर वाद घालतायत का, जॉबकार्डवर न सांगितलेली कामं चढवली आहेत का, ते दिसतं. थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजिन फ्लश, एसी डिसइन्फेक्शन या गोष्टी दहा हजार किमीच्या सर्व्हिसला लावणारं वर्कशॉप असेल तर पुढची पाच वर्षं तेच होणार. मॅन्युअलमधल्या तक्त्यात ते काम नसेल तर नको म्हणा, वॉरंटीला धक्का लागत नाही.

आता कोटेशन. नव्या गाडीच्या विक्रीवर डीलरला मिळणारं कमिशन तुटपुंजं असतं, कमाई असते विमा, ॲक्सेसरीज, कर्ज आणि एक्स्टेंडेड वॉरंटीत. म्हणून सेल्समन गाडीवर पाच हजार सोडायला कुरकुरतो आणि विम्यावर ‘आपण बघू’ म्हणतो. प्रत्येक ओळ वेगळी मागा, ‘ऑनरोड इतके’ असा एक आकडा स्वीकारू नका.

एक्स-शोरूम, म्हणजे रोड टॅक्स आणि विम्याआधीची किंमत, कंपनीच्या वेबसाइटवरून ताडून घ्या. रोड टॅक्स स्वतः काढता येतो. वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात १० लाखांपर्यंत ११ टक्के, २० लाखांपर्यंत १२ आणि त्यावर १३. डिझेलला प्रत्येक टप्प्यात दोन टक्के जास्त. सीएनजीचा कर जुलै २०२५ पासून एक टक्क्याने वाढला, तरी पेट्रोलपेक्षा कमीच आहे. कंपनीच्या नावावर घेतली तर दर थेट वाढून २० टक्के होतो, त्यामुळे कुणी ‘फर्मच्या नावावर घे, डेप्रिसिएशन (घसाऱ्याची करसवलत) मिळेल’ म्हटलं तर आधी हे गणित करा. आणि एक बारकावा: टप्पा ओलांडला की वाढीव दर पूर्ण किमतीवर लागतो. ९.९५ लाखांच्या गाडीचा टॅक्स १,०९,४५०, १०.०५ लाखांचा १,२०,६००. शिवाय किंमत १० लाखांवर गेली की पूर्ण किमतीवर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आगाऊ आयकर. सनरूफसाठी वरचं व्हेरियंट घेताना दहा हजारांचा फरक दिसतो, प्रत्यक्षात तीस हजार मोजावे लागतात. टीसीएस मात्र खर्च नाही. पावती जपा, आयकराच्या पोर्टलवर तुमच्या नावे आकडा आलाय का बघा आणि रिटर्नमध्ये वळता करून घ्या. आरटीओच्या रकमेत टॅक्सशिवाय नोंदणीचे ६००, स्मार्ट कार्डचे २००, कर्ज असल्यास बोजा चढवण्याचे १,५०० अशा फिया असतात. काही हजारांचा फरक समजू शकतो, वीस हजारांचा नाही.

‘हँडलिंग’, ‘लॉजिस्टिक’ किंवा ‘डेपो चार्जेस’ ही ओळ दिसली की सरळ काट मारा. गाडी शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीत धरलेलाच असतो. ‘हे कशाचे, लेखी द्या’ एवढं ईमेलवर विचारलं की बहुतेक वेळा ती ओळ पुढच्या कोटेशनमधून गायब होते. ‘कंपल्सरी ॲक्सेसरी किट’ही तसंच. मॅट आणि मडफ्लॅप बाहेर घ्या.

विनाकारण सर्वांत जास्त पैसे जातात ते विम्यात. नव्या गाडीला थर्ड पार्टी तीन वर्षांचा आणि स्वतःच्या नुकसानीचा एक वर्षाचा, असा विमा लागतो. डीलरकडूनच घ्यायचं कसलंही बंधन नाही. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, सगळीकडे सारखाच: जून २०२२ पासूनच्या दरांनी १००० सीसीपर्यंत ६,५२१, १५०० सीसीपर्यंत १०,६४०, त्यावर २४,५९६ रुपये, अधिक जीएसटी. म्हणजे फरक पडतो तो उरलेल्या भागात. त्याच आयडीव्हीवर (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत), त्याच ॲड-ऑनसह (जादा पैसे भरून घ्यायची संरक्षणं) दोन विमा कंपन्यांची कोटेशन ऑनलाइन काढा आणि डीलरसमोर ठेवा. तो बहुधा आकडा खाली आणतो. आणला तर त्याच्याकडूनच घेतलेला बरा, कारण कॅशलेस क्लेमच्या वेळी त्याच्याच वर्कशॉपमध्ये जायचं असतं. जुनी गाडी विकत असाल तर नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. जुन्या विमा कंपनीकडून पत्र घेऊन नव्या गाडीवर तो चढवा, स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. सेल्समन आपणहून हे सांगत नाही.

ॲड-ऑनमध्ये झिरो डेप्रिसिएशन (क्लेममध्ये सुट्या भागांचा घसारा न कापणं) हवंच आणि मुंबईत इंजिन प्रोटेक्ट सोडू नका. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, किंग्ज सर्कल इथे पाण्यात गाडी बंद पडली की लोक स्टार्टर मारतात. एअर इनटेकमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असतं, पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत हे ‘परिणामी नुकसान’ म्हणून नाकारलं जातं. गाडी बंद पडली तर चावीला हात न लावता टो करायची, ॲड-ऑन असलं तरीही. एक्स्टेंडेड वॉरंटी आत्ताच घ्या असा आग्रह होईल. मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत ती बहुधा नंतरही घेता येते.

इंधनाचा प्रश्न तुमच्या बाबतीत सोपा आहे. डिझेल नको. बीएस-६ डिझेलमधल्या डीपीएफमध्ये, म्हणजे धुराच्या गाळणीत, काजळी साठते आणि ती जळायला गाडी पंधरा-वीस मिनिटं एका लयीत, बऱ्यापैकी वेगाने चालावी लागते. पार्ले ते परळ हे कधी मिळणार? दिवा लागतो, दुर्लक्ष झालं की गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे ताकद कमी करून रांगते, आणि मग वर्कशॉपला फोर्स्ड रीजनरेशन, म्हणजे काजळी मुद्दाम जाळणं. मारुतीने एप्रिल २०२० मध्येच डिझेल सोडलं, त्यामागे छोट्या गाडीत ही यंत्रणा परवडत नाही हेच गणित होतं.

सीएनजीचं गणित असं. पेट्रोल १०३ रुपये लिटर आणि शहरात १२ चं ॲव्हरेज धरलं तर किमीला साडेआठ. सीएनजी ८० रुपये किलो आणि २० चं ॲव्हरेज धरलं तर चार रुपये. ८०० किमीला महिन्याचे साडेतीन हजार वाचतात आणि गाडीचे जादा ९० हजार दोन-सव्वादोन वर्षांत सुटतात. त्या बदल्यात सोसायचं ते पंपावरची रांग, कमी डिकी (दोन छोट्या सिलिंडरच्या गाड्यांत हे बरंच सुसह्य) आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट. शिवाय सीएनजीत ऑटोमॅटिक फार कमी मिळतात, आणि वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर रोज क्लच दाबणाऱ्याला हा मुद्दा छोटा वाटत नाही. ऑटोमॅटिक घेणार असाल तर इथल्या ट्रॅफिकला टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी प्रकारचा गिअरबॉक्स बघा. ड्राय क्लचचं डीसीटी (दोन क्लचचा गिअरबॉक्स) मुंगीच्या गतीने चालवलं की क्लच अर्धवट घसरत राहतो, तापतो, स्क्रीनवर इशारा येतो. एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच-गिअर यंत्र बदलतं) स्वस्त आणि टिकाऊ, फक्त चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका, ब्रेक वापरा.

इलेक्ट्रिकचं उत्तर तुमच्या पार्किंगमध्ये आहे. रोजचे ३५ किमी म्हणजे चार्जिंगची गळती धरून सहा युनिट, साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर दोन तास. ७.२ किलोवॅटचा चार्जर तुम्हाला लागतच नाही. लागते ती सोसायटीची एनओसी, तुमच्या जागेपर्यंत केबल आणि मंजूर लोड. स्वतंत्र मीटर हवा असेल तर पार्ल्यात अर्ज अदानीकडे, शहरात बेस्टकडे. ठराव होईपर्यंत सेक्रेटरीशी सहा महिने वाटाघाटी चालण्याची तयारी ठेवा आणि एनओसी हातात येईपर्यंत बुकिंग करू नका. पार्किंग स्टॅक किंवा पझल प्रकारचं असेल तर पाटीवरची उंची आणि वजनाची मर्यादा वाचा. मोठ्या इलेक्ट्रिक एसयूव्ही दोन टनांच्या आसपास जातात, आणि वरच्या पॅलेटवर चार्जिंग विसराच. पार्किंग जमिनीवर आणि सॉकेट शक्य असेल तर मी इलेक्ट्रिकच सुचवेन: राज्यात मोटार वाहन कर माफ, अटल सेतूवर टोल माफ. ते शक्य नसेल तर पेट्रोल ऑटोमॅटिक किंवा सीएनजी मॅन्युअल.

पेट्रोल घेताना २२ सप्टेंबर २०२५ पासूनचा जीएसटी लक्षात ठेवा. चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असेल तर १८ टक्के, नाहीतर ४०, इलेक्ट्रिकला ५. म्हणून चार मीटरच्या आतली असूनही दीड लिटर इंजिनवाली ब्रेझ्झा ४० टक्क्यांत आणि १.२ टर्बोची नेक्सॉन १८ टक्क्यांत. तुमच्या बजेटमध्ये १८ टक्क्यांच्या गटातलं वरचं व्हेरियंट हे मोठ्या गाडीच्या खालच्या व्हेरियंटपेक्षा बहुधा फायद्याचं पडतं.

घासाघीस कधी करायची? दर महिन्याच्या एक तारखेला कंपन्या जाहीर करतात तो आकडा डीलरला पाठवलेल्या गाड्यांचा असतो, ग्राहकांनी नेलेल्या नव्हे. विकल्या गेलेल्या गाड्यांचा अंदाज ‘वाहन’ पोर्टलवरच्या नोंदणीवरून येतो. या दोन आकड्यांत अंतर पडलं की डीलरच्या यार्डात माल तुंबलाय आणि त्यावर तो व्याज भरतोय. महिनाअखेर आणि मार्च म्हणून सोयीचे. डिसेंबरातली सूट घ्या, पण गाडी सात-आठ वर्षं वापरणार असाल तरच. आरसीवर उत्पादनाचा महिना-वर्ष छापलेलं असतं आणि विकताना तेच बघतात.

बुकिंगचे पैसे डीलरच्या खात्यात, सेल्समनच्या यूपीआयवर कधीही नाही. पासिंगच्या, म्हणजे आरटीओ नोंदणीच्या, आधी गाडी बघायचीच, कारण नोंदणी झाली की दोष तुमच्या गळ्यात. बऱ्याच डीलरांची यार्डं भिवंडी किंवा पनवेलकडे आहेत. कंटाळा न करता दिवसाउजेडी जा. चासी नंबर लिहून घ्या आणि विमा व इनव्हॉइसवर तोच आहे ना बघा. टायरवरचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. चारही टायर जवळपासचे हवेत. दरवाज्यांच्या कडा, बंपरच्या फटी, रंगाची छटा तिरक्या उजेडात बघा. डिकीतलं मॅट उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात हात फिरवा, पावसाळ्यात उघड्यावर उभी राहिलेली गाडी तिथे ओल दाखवते. बॉनेटखाली वायरिंग उंदरांनी कुरतडलंय का बघा. ब्रेक डिस्कवरचा गंज मात्र दोन-चार ब्रेकमध्ये जातो, त्यावरून भांडू नका.

दसरा-पाडव्याला गाडी हवी असेल तर तपासणी आणि पासिंग आठवडाभर आधी उरकून घ्या आणि मुहूर्तावर फक्त चावी घ्या. त्या दिवशी एकेका शोरूममधून डझनांनी गाड्या निघतात, हार आणि पेढ्यांच्या गर्दीत स्टेपनी बघू देत नाहीत.