तारेतली कार्डं फेकू नका

घर उतरवताना आजोबांच्या तारेत ओवलेली शे-दीडशे पोस्टकार्डं सापडली, एकावरही चित्र नाही, मग गावाच्या इतिहासाला त्यांचा उपयोग काय, असं तुम्ही विचारलंय. चित्राचं कार्ड आपल्या विदर्भातल्या खेड्यांच्या वाट्याला फारसं आलंच नाही. फोटो छापून विकले गेले ते शहरांचे, देवळांचे, चिखलदऱ्यासारख्या हवा खायच्या जागांचे. वावर, कोठा, बंडी (बैलगाडी) दिसते ती १८७९ साली पाव आण्यात सुरू झालेल्या या साध्या कार्डातच.

मजकुराआधी पत्ता वाचा. आमच्या तारेत एकाच गावाचे पत्ते चार तऱ्हांचे आहेत. आधी सी. पी. अँड बेरार (म्हणजे मध्यप्रांत आणि वऱ्हाड), १९५० पासून मध्यप्रदेश, नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई राज्य आणि १ मे १९६० नंतर महाराष्ट्र. गाव काही जागचं हललं नाही! शिक्का पुसट असला तरी साधारण काळ कळतो. पिनकोड असेल तर कार्ड १९७२ नंतरचं. आणि पत्त्याच्या घोळानं गावाचं नावच बदलल्याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला गेले, त्यांचं टपाल बुलढाण्याच्या शेगावला जाऊ लागलं, म्हणून १९४० मध्ये सेगावचं सेवाग्राम झालं.

आता मजकूर. माझ्याकडे एक कार्ड आहे. कापूस घरात पडून आहे, अडत्या भाव देईना, बुधवारी छोट्या गाडीनं येतो, दारव्हा स्टेशनावर बंडी पाठवा. जागा संपली म्हणून कडेनं आडवं लिहिलंय, 'तांबडा बैल लंगडतो, दुसरा जुंपा.' छोटी गाडी म्हणजे मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला. ती आता बंद आहे.

कार्डं तारेतून घाईनं ओढू नका. सगळ्यात खालचं सगळ्यात जुनं, हा क्रमच तुमची तारीखवही आहे. काढता काढता कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं नंबर टाका. मग दोन्ही बाजू स्कॅन करा. लॅमिनेशन आणि सेलोटेप अजिबात नको. लहानपणी मी तिकिटाचा छापील चौकोन कापून वहीत डकवला होता, त्याबरोबर शिक्का गेला आणि मागच्या तीन ओळीही.

कोपरा फाडलेलं कार्ड मात्र सहसा सापडणार नाही. तसं कार्ड म्हणजे मयताची खबर, ते घरात ठेवत नसत, वाचून बाहेरच फाडून टाकत. म्हणून दर महिन्याला 'सा. न. वि. वि.' लिहिणारं एखादं अक्षर एकदम थांबलं तर त्या जागी थोडं थांबा, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा.

मुंबई राज्याचा पत्ता असलेलं कार्ड निघालं तर पत्त्याच्या बाजूचा फोटो इथं टाका. तो काळ जेमतेम साडेतीन वर्षांचा, माझ्याकडे तसली दोनच आहेत.