आधी घरं जुळवा, मग स्वर बघा: तबल्याच्या पुडीविषयी प्रश्नोत्तरे

पाऊस सुरू झाला की पुडीविषयीचे, म्हणजे तबल्याच्या तोंडावर मढवलेल्या कातड्याविषयीचे, प्रश्न वाढतात, आणि त्यातले बरेचसे एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत विचारतात: तबला स्वरात लागत नाही, पुडी बदलू का? बहुतेक वेळा पुडी चांगली असते आणि लावण्याची रीत चुकलेली असते. म्हणून या वेळी पुडीचेच प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : मुलगी १० वर्षांची आहे, नुकतीच तबला शिकू लागली आहे. दुकानदार म्हणतो, काळी चारचा मोठा तबला घ्या, पुढे गाण्याच्या साथीला उपयोगी पडेल. घ्यावा का? (एक पालक, नाशिक)

नको. (काळी एक, काळी चार ही हार्मोनियमच्या पट्ट्यांवरून पडलेली स्वरांची नावं.) शिकायला काळी एकचा, साडेपाच इंच तोंडाचा तबला पुरतो. मोठ्या तोंडावर लहान हात ताणावा लागतो, आणि हाताची ठेवण एकदा बिघडली की ती सुधारण्यात फार काळ जातो. कोणताही तबला पैसे देण्यापूर्वी तिच्या गुरूंना दाखवा.

प्रश्न : साडेपाच इंची तयार पुडी पावणेसहाच्या खोडावर ओढून बसवता येईल का? (पुणे)

नाही. खोड, म्हणजे तबल्याचं लाकडी भांडं, कारागिराकडे न्या आणि त्याच्या मापाने पुडी मढवून घ्या.

प्रश्न : मोबाइलच्या ॲपवर काळी एक बरोबर दिसते, पण हार्मोनियमबरोबर वाजवलं की बेसूर वाटतं. गठ्ठे (ताणाच्या पट्ट्यांखालचे लाकडी ठोकळे) ठोकून थकलो. पुडी खराब आहे का? (मध्यमा परीक्षेचा विद्यार्थी, कोल्हापूर)

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा येतो, म्हणून याला जागा देतो.

ॲप चुकत नाही. तुम्ही ज्या एका जागी 'ना' हा बोल वाजवला, त्या जागेचा स्वर त्याने दाखवला. पण गजऱ्याला, म्हणजे पुडीच्या काठाच्या चामडी वेणीला, १६ घरं आहेत; वाद्यांनी, म्हणजे ताण देणाऱ्या चामडी पट्ट्यांनी, पडलेले ते भाग. बाकीच्या घरांवर काय वाजतं, ते तुम्ही ऐकलंच नाही.

तबल्याला नेमका स्वर मिळतो तो शाईमुळे, म्हणजे पुडीवरच्या काळ्या गोल लेपामुळे. नुसतं ताणलेलं कातडं वाजवलं तर त्यातून निघणारे वरचे नाद मूळ नादाच्या पटीत येत नाहीत. हलगीला ठणका असतो पण ठरावीक स्वर नसतो, त्याचं कारण हेच. मधोमध शाईचं वजन बसलं की ते नाद जवळजवळ दुप्पट, तिप्पट, चौपट असे ओळीत येतात. सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० साली 'नेचर' नियतकालिकात हे मांडलं. कारागिरांच्या कानाला ते त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. मात्र ही रचना ताण सगळीकडून सारखा असेल तेव्हाच टिकते. 'ना' वाजवताना अनामिका शाईच्या कडेला टेकते आणि पुडी त्या रेषेच्या दोन बाजूंना आलटून पालटून वर-खाली हलते. एका दिशेला ताण जास्त आणि दुसऱ्या दिशेला कमी असला की दोन जवळजवळचे स्वर एकदम उमटतात आणि नाद लहरतो. तुमच्या कानाला जे खटकतं आहे ते हेच आहे. कान बरोबर सांगतो आहे, त्याचं ऐका.

गठ्ठे ठोकून हे सुटणार नाही. गठ्ठे आठ आणि घरं सोळा, म्हणजे एक गठ्ठा दोन घरांच्या वाद्या ओढतो. एका घराची चूक गठ्ठ्याने काढायला गेलात की शेजारचं चांगलं घरही चढतं, मग ते उतरवायला दुसरीकडे ठोकता, आणि तासाभराने सगळा तबला गरजेपेक्षा जास्त ताणलेला आणि तरीही बेसूर अशी अवस्था होते. पुड्या अशाच फाटतात, आणि दोष मात्र पुडी करणाऱ्याला दिला जातो. मला याचा मनापासून राग येतो.

असं करा. हातोडी बाजूला ठेवा. तबला चुंबळीवर गोल फिरवत प्रत्येक घरापाशी 'ना' वाजवा आणि फक्त ऐका. सगळ्यांत उतरलेलं आणि सगळ्यांत चढलेलं घर खडूने खूण करून ठेवा. उतरलेल्या घरापाशी गजऱ्यावर वरून हलका ठोका, चढलेल्या घरापाशी गजऱ्याच्या खालून वरच्या दिशेने. दर ठोक्यानंतर समोरचं घरही ऐका, कारण ओढ तिथवर पोचते. घरं एकमेकांशी जुळेपर्यंत हार्मोनियमचा सा धरूच नका. जुळल्यावर सा धरा, आणि सगळा तबला मिळून चढवायचा किंवा उतरवायचा असेल तरच गठ्ठ्यांना हात लावा, तेही समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडं थोडं. गठ्ठा खाली गेला की स्वर चढतो, वर आला की उतरतो. हातोडी गजऱ्यावरच पडली पाहिजे. चाटेवर, म्हणजे पुडीच्या कडेच्या कातडी पट्टीवर, निसटलेला एक ठोका पुडी संपवू शकतो.

आणखी दोन गोष्टी. 'तूं' वाजवून ॲप धरू नका. त्यात पुडीचा खालचा मूळ नाद येतो आणि तो 'ना'च्या स्वराशी नेमका जुळत नाही. काळी एक साधारण २७७ हर्ट्‌झवर येते, पण तुमच्या वर्गातली हार्मोनियम तिथे नसेल तर हार्मोनियमचं ऐकायचं, आकड्याचं नाही. शिवाय प्रत्येक तोंडाला स्वरांची मर्यादा असते. साडेपाच इंची तबला पांढरी एक ते पांढरी दोन एवढ्यात चांगला बोलतो; काळी दोनपर्यंत ओढाल तर आस, म्हणजे नादाचं रेंगाळणं, जाईल. काळी चारला गाणाऱ्या बाईंची साथ करायची असेल तर त्यांचा मध्यम काळी एकलाच येतो, तो धरून तबला लावता येतो. मालकंसासारख्या पंचम वर्ज्य असलेल्या रागात तर तो शोभून दिसतो. मात्र आधी गाणाऱ्याला विचारून घ्या.

एवढं करूनही घरं टिकत नसतील तर गजरा सैल झाला असेल किंवा शाई एका बाजूने सुटत असेल. ते लिहून कळत नाही. तबला कारागिरासमोर ठेवा आणि त्याला वाजवून बघू द्या.

प्रश्न : बाजारात 'मुंबई पुडी', 'कोलकाता पुडी', 'कलाकार स्पेशल' अशा चिठ्ठ्या लावून पुड्या मिळतात. किमतीत दुपटीचा फरक आहे. कोणती घ्यावी? (ठाणे)

चिठ्ठी घरी ठेवून पुडी बघायला जा. कातड्याची जाडी सगळीकडे सारखी हवी. उजेडासमोर धरल्यावर एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला पारदर्शक दिसत असेल तर घरं जुळवताना जन्म जाईल. तबल्याची शाई मधोमध हवी. शाईवरच्या बारीक भेगा एकसारख्या असाव्यात. त्या दोष नसतात, त्यांच्यामुळेच शाई कातड्याबरोबर लवते. लोखंडाचा कीस आणि खळ यांचे थरावर थर देत, प्रत्येक थर दगडाने घोटत शाई चढवतात. ते घाईत उरकलेलं असलं की ती लवकर उडते. घोटल्याची तुकतुकी वेगळी आणि तेल फासून आणलेली चमक वेगळी. तेलाची चमक दाखवून विकणाऱ्याकडून काहीही घेऊ नका. कागदावर वर्षाची हमी लिहून देणाऱ्यावरही विश्वास ठेवू नका, कारण पुडी किती टिकेल हे तुमचा हात, तुमची हातोडी आणि हवा ठरवते. गुरूंची पुडी कोण मढवतं, ते विचारा आणि त्याच्याकडेच जा.

प्रश्न : शाईचा एक कपचा निघाला आहे. एका व्हिडिओत त्यात गोंद आणि कोळशाची पूड भरायला सांगितलं आहे. करू का? (लातूर)

करू नका. गोंद वाळून कडक होतो, शाई लवत नाही, आणि पुढे कारागिराला ती खरवडताना कातडंही जातं. कपचा निघाला त्या दिवशी तबला नेला असता तर कातडं शाबूत राहून नुसती शाई पुन्हा चढवता आली असती. अजून खरखर येत नसेल तर वाजवणं थांबवा आणि या आठवड्यात घेऊन जा.

प्रश्न : पावसात तबला उतरतो. गॅसवर किंवा उन्हात धरला तर चालेल का? हलगीवाले शेकतातच. (रत्नागिरी)

हलगीला शाई नसते. तबला शेकलात की शाई आणि कातडं वेगवेगळ्या गतीने आक्रसतात आणि शाई सुटते. दमट हवेत स्वर थोडा उतरणारच; तेवढा गजऱ्यावरून चढवा. वाजवून झाल्यावर हाताचा घाम कोरड्या फडक्याने टिपा आणि गवसणी घाला. पावडर लावायचीच तर चिमूटभर, हाताला. पुडीवर शिंपडलेली पावडर शाईच्या भेगांत बसते आणि नाद बुजवते.

प्रश्न : डग्गा कोणत्या स्वरात लावावा? (इंदूर)

डग्ग्याला तबल्यासारखा ठरावीक स्वर लावत नाहीत. घरं एकसारखी हवीत, घुमारा मोकळा हवा आणि मनगटाच्या दाबाने मींड (नाद घसरत वर-खाली नेणं) सहज निघाली पाहिजे. फार ओढलेल्या डग्ग्यातून ती निघत नाही. किती ढिला ठेवायचा ते बाजावर, म्हणजे वाजवण्याच्या शैलीवर, अवलंबून आहे, म्हणून गुरूंसमोरच ठरवा.

प्रश्न : पखवाजाच्या धुमेची (डाव्या तोंडाची) कणीक रोज काढायची का? दुसऱ्या दिवशी परत भजन असतं. (भजनी मंडळ, सातारा जिल्हा)

रोज, भजन संपताच. वाळलेली कणीक काढताना कातडं सोलतं, आणि रात्री उंदीर येतात.

प्रश्न : न्यू जर्सीत हिवाळ्यात हीटर चालू असतो. गेल्या वर्षी पिशवीतच पुडी फाटली. प्लास्टिकची पुडी किंवा नटबोल्टचा तबला घेऊ का?

नटबोल्टने ताण देणं सोपं होतं, पण कातडं कोरडं पडायचं ते पडतंच. प्लास्टिकच्या पुडीवर हवेचा परिणाम फारसा होत नाही. नादाची तुलना मात्र स्वतः वाजवून करा, जाहिरात ऐकून नको. त्याआधी साधा उपाय करून बघा: तबला हीटरपासून दूर ठेवा, खोलीत हवा दमट करणारं यंत्र लावा, आणि बरेच दिवस वाजवणार नसाल तर गठ्ठे थोडे वर घेऊन ताण कमी करा. एक जादा पुडी भारतातून मढवून आणायची असेल तर खोडाचं माप कारागिराला आधी कळवा.

प्रश्न : चाटेखाली बारीक चीर दिसते आहे. महिन्याने विशारदची परीक्षा आहे. तोवर चालेल ना? (नागपूर)

नाही. चीर वाढतच जाणार, आणि स्वर चढवताना ती कधी उघडेल ते सांगता येत नाही. नवी पुडी मढवल्यावर काही दिवस ताणत राहते, रोज उतरते, रोज घरं पुन्हा जुळवावी लागतात. तो काळ परीक्षेच्या आधी संपायला हवा. म्हणून आजच कारागिराला फोन करा, पुडी कधी मिळेल ते विचारा, आणि उशीर होणार असेल तर गुरूंकडून दुसरा तबला आत्ताच मागून त्याच्यावर रियाज सुरू करा.