खासदारांना वेतन, मानधन की पगार?

प्रश्न असा आहे: मार्च २०२५ मध्ये खासदारांची जी वाढ जाहीर झाली, तिच्या बातम्यांत कुठे 'वेतनवाढ' होते, कुठे 'मानधनवाढ', कुठे 'पगारवाढ'. बरोबर काय?

वेतन. राज्यघटनेच्या अनुच्छेद १०६ मध्ये संसद सदस्यांसाठी आणि १९५ मध्ये आमदारांसाठी 'वेतन व भत्ते' हीच जोडी आहे. पगार हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द बोलण्यात चालतो, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती 'मानधना'बद्दल.

काही शुद्धलेखनवाले आग्रहाने सांगतात की लोकप्रतिनिधी कुणाचा नोकर नाही, म्हणून 'मानधन'च म्हणावे. प्राप्तिकरात खासदाराचे वेतन 'इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न' या सदरात धरतात, कारण तिथे मालक-नोकर नाते नसते, हे खरे. पण एवढ्याने वेतनाचे मानधन होत नाही. कायद्याने ठरलेली, दर महिन्याची, महागाई निर्देशांकाशी बांधलेली १,२४,००० रुपयांची रक्कम हे वेतनच. मानधन मिळते ते अंगणवाडी सेविकेला, आशाताईंना. त्यांचे काम रोजचे, पण शब्द मानधनाचा, आणि त्या एका शब्दावर ग्रॅच्युइटी नाकारली जात होती. अंगणवाडी सेविकांपुरते ते सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये थांबवले. एवढे वजन असलेला शब्द वाटेल तिथे वापरू नये.

शिवाय संस्कृतात 'मानधन' ही रक्कमच नाही. तो बहुव्रीहि आहे: मान हेच ज्याचे धन, तो. कालिदासाच्या रघुवंशाच्या पाचव्या सर्गात रघुराजाला 'मानधनाग्रयायी', म्हणजे मानधनांत अग्रेसर, म्हटले आहे, आणि त्याच ओळीत त्याच्याकडे आलेल्या कौत्स ऋषीला 'तपोधन'. तपोधन म्हणजे तपाबद्दल मिळालेले पैसे असा अर्थ कुणी करील का? विश्वजित यज्ञात सारे देऊन रघूकडे मातीचे पात्र उरले होते, तेव्हाचे हे विशेषण आहे.

पण खरी गंमत 'भत्ता' या शब्दात आहे. भत्ता 'बट्ट्या'वरून आला, असे अजूनही छातीठोक सांगितले जाते. ते चूक आहे. बट्टा म्हणजे नाणे वटवताना होणारी कपात, तर भत्ता म्हणजे वर मिळणारी भर. ईस्ट इंडिया कंपनीच्या इंग्रजी हिशेबांत दोन्ही एकाच स्पेलिंगने लिहिले जात, तिथून हा गोंधळ झाला. माझ्या मते भत्त्याचे मूळ 'भक्त', म्हणजे शिजवलेले अन्न. त्याचे प्राकृतात 'भत्त' झाले, मराठीत भात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'भक्तवेतन' हा जोडशब्द येतो: शिधा आणि रोकड. तिथे प्रमाणही दिले आहे, ६० 'पण' (तेव्हाचे नाणे) वेतनामागे एक आढक (धान्याचे माप) भक्त. म्हणजे घटनेतली 'वेतन व भत्ते' ही जोडी दोन हजार वर्षांपूर्वी उलट क्रमाने नांदत होती! कंपनीच्या फौजेत मोहिमेवर असताना मिळणारी जादा रक्कम ती भत्ताच. घर सोडून कामावर गेलेल्या माणसाच्या जेवणाची सोय, हा अर्थ कुठेच सुटलेला नाही.

संसदेच्या दैनिक भत्त्यातही तो टिकून आहे. १९५४ च्या कायद्यात वेतन महिना ४०० रुपये होते आणि भत्ता दिवसाला २१. आज तो २,५०० आहे, आणि अधिवेशनात हजेरीपुस्तकात सही केली नाही तर त्या दिवसाचा भत्ता जातो. वेतनाला ही अट नाही. दैनिक भत्ता करमुक्त आहे, वेतन नाही. म्हणून 'भत्ते वेतनातच मिसळून टाका' अशी सुधारणा सुचवणाऱ्यांनी आधी हे पाहावे की मिसळल्यावर रकमेवर कर लागेल हे ठीक, पण सहीची अटही जाईल. ती राखायची तर वेतनालाच हजेरी जोडणारे वेगळे कलम लिहावे लागेल.